मुंबईची डॉक्टरबाई : जेरुशा झिराड

गणपती बसले की आमच्या सौंसर-लोधीखेड्याकडच्या घरांना वेध लागतात ते महालक्ष्म्यांचे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा तीन दिवसांसाठी माहेरी येतात. सोबत त्यांची बाळेही असतात. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी असा नैवेद्य होतो आणि घरची सून-लेक दोन दिवस पाठ टेकत नाही. लेकुरवाळ्या देवीचे असे कोडकौतुक करणारा आपला समाज. पण याच समाजाच्या जुन्या देव्हाऱ्यांत आणखीही एक वस्तू असते. चांदीचा एक लहानसा टाक, नाहीतर दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यातली पुतळी. तो टाक घरातल्या पहिलीचा. ती कशाने गेली असे विचारले की म्हाताऱ्या माणसांचे उत्तर बहुधा एकच असे, बाळंतपणात गेली. त्यापुढे कोणी काही विचारत नसे आणि सांगतही नसे. सटवाईने कपाळी लिहिले ते झाले, एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ज्या बाईंचे चरित्र निवडले, त्यांनी त्यापुढचे प्रश्न विचारले. बाई कशाने गेली, कुठे गेली, बाळंतपण कोणाच्या हातून झाले, आणि ती वाचू शकली असती का. हे प्रश्न विचारण्यात आणि त्यांची उत्तरे शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवले. त्यांचे नाव डॉ. जेरुशा झिराड.

नाव वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हे परके नाव कुठून आले, असेही कोणाला वाटेल. तर आधी हे सांगायला हवे की आडनाव अगदी आपल्या मातीतले आहे. झिराड हे रायगड जिल्ह्यात अलिबागेजवळचे गाव. झिराडबाई बेने इस्राएल समाजातल्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू. या समाजाचे पूर्वज फार जुन्या काळी समुद्रमार्गे येत असता नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचे गलबत फुटले आणि वाचलेली माणसे कोकणात स्थायिक झाली, असे त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावे पडली. त्यांची देवभक्ती निराळी, पण सणांची नावे बघा. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, त्यानंतर खिरीचा सण, आणि पुरीमला म्हणायचे होळीचा सण. नवस फेडताना मलिदा करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या गोष्टी सांगायला मराठी कीर्तनच हाती घेतले. मुंबईत मशीद बंदराजवळ त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी उभारले. तेव्हा मराठी मंडळाच्या स्मरणिकेत झिराडबाईंचे नाव परके नाही, घरचेच आहे. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आम्हा मंडळींना तर हे सहज पटावे.

झिराडबाईंचा जन्म १८९० च्या सुमारास म्हैसूर राज्यातल्या शिमोग्याचा. शिक्षणासाठी त्या पुण्याला आल्या, तिथल्या मुलींच्या हायस्कुलात, म्हणजे आपण सगळे जिला हुजूरपागा म्हणतो त्या शाळेत. ही शाळा १८८४ ची. मुलींना इंग्रजी शिकवावे की नाही यावर पुण्यात रण माजले होते, त्या काळातली. अशा शाळेत मुलीला पाठवायला घरच्यांच्या अंगी धैर्य लागे.

डॉक्टर होण्याची ओढ त्यांना लहानपणीच लागली. घरातल्या एका आजारपणात मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. ॲनेट बेन्सन यांचे उपचार त्यांनी जवळून पाहिले आणि अकरा वर्षांच्या त्या मुलीने ठरवून टाकले की आपणही डॉक्टर व्हायचे, तेही याच रुग्णालयात, असे सांगितले जाते. लहान वयात पुष्कळ मुले पुष्कळ काही ठरवतात. या मुलीने ठरवलेले खरे करून दाखवले.

कामा रुग्णालयाविषयी इथे दोन शब्द लिहायला हवेत. त्या काळी घरंदाज बाई पुरुष डॉक्टरपुढे जायला तयार नसे. नाडी बघायची तर हातावर कापड टाकून, आणि पुष्कळदा तेही नाही. मग आजार अंगावर काढायचा, किंवा सुईणीला बोलवायचे. बाईला तपासायला बाईच डॉक्टर हवी, हे ओळखून मुंबईच्या काही जाणत्यांनी वर्गणी जमवली आणि विलायतेहून स्त्री डॉक्टर आणल्या. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्याच्या देणगीतून फक्त स्त्रिया आणि मुलांसाठीचे रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. डॉक्टरही सगळ्या स्त्रियाच. आनंदीबाई जोशी १८८७ साली प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच गेल्या. विलायतेहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईंनी काही काळ याच कामा रुग्णालयात काम केले आणि मग त्या सुरतेला गेल्या. पण रुग्णालयाच्या मुख्य खुर्चीवर बसत त्या विलायती बायकाच. आपल्याकडची बाई त्या खुर्चीपर्यंत पोचेल, असे त्या वेळी कोणाच्या मनातही येत नसेल.

मॅट्रिकनंतर झिराडबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली. मुंबईत असतानाच, १९१३ साली, त्यांच्या पुढाकाराने बेने इस्राएल स्त्री मंडळ निघाले. आपल्या समाजातल्या बायकांनी घराबाहेर पडावे, चार जणींनी मिळून काही शिकावे, गरजूंना हात द्यावा, असा त्यामागचा हेतू. तेव्हा त्यांची विशी नुकतीच सरत होती. नव्याने पदवी घेतलेल्या मुलीने आधी दवाखान्याची पाटी लावायची, पैसा जोडायचा, ही जगाची रीत. यांनी पाटीबरोबर मंडळही काढले. आमच्यासारख्या मंडळवाल्यांना हे वाचून जरा उभारी येते. वर्गणीच्या पावत्या फाडणे आणि सभेला माणसे गोळा करणे म्हणजे काय, हे त्याही जाणून होत्या.

पुढच्या शिक्षणासाठी लंडनला जायचे होते, पण हातात पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून कर्जाऊ रक्कम मिळाली आणि त्या निघाल्या. नंतर भारत सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली. अशी शिष्यवृत्ती तोवर पुरुषांच्याच वाट्याला येत असे. लंडनमध्ये स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात त्या शिकत होत्या आणि बाहेर पहिले महायुद्ध पेटले होते. पुरुष डॉक्टर रणांगणावर गेल्यामुळे रुग्णालयांचा भार स्त्री डॉक्टरांवर आला होता. एरवी परक्या देशातल्या तरुण मुलीला जो अनुभव मिळायला दहा वर्षे लागली असती, तो तिथे थोड्या वर्षांत मिळाला. १९१९ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयांत मिळवली. हा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव आहे.

एवढी पदवी घेतल्यावर विलायतेतही पोट भरता आले असते. त्या परत आल्या. आधी दिल्लीचे लेडी हार्डिंज रुग्णालय, मग बंगलोरचे प्रसूतिगृह, आणि १९२० चे दशक अर्धे सरता सरता पुन्हा मुंबई. कामा रुग्णालयात आधी मानद शल्यचिकित्सक म्हणून, म्हणजे पगाराशिवाय, त्यांनी काम केले. त्या दशकाच्या अखेरीस त्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय डॉक्टर. १९४७ पर्यंत त्या तिथे होत्या. देश स्वतंत्र होईपर्यंतची ती धामधुमीची वर्षे, दंगली, संप, महायुद्धातली टंचाई, सगळे त्यांनी त्या खुर्चीवरूनच पाहिले. बाळंतपण मात्र चळवळ बघून थांबत नाही आणि संचारबंदीही मानत नाही. वॉर्डात बाई आली की तिची सुटका करायची, मग बाहेर काहीही चाललेले असो.

त्या काळचे बाळंतपण कसे होते हे आजच्या सुनांना सांगून खरे वाटणार नाही. घरातली सगळ्यात अंधारी, बंद खोली बाळंतिणीला द्यायची. जुनेर अंथरायचे. सुईण आली की तिच्या हाताला लागलेली माती तशीच. नाळ कापायला घरात सापडेल ती विळी, नाहीतर पाते. मग कोणाला ताप चढे, कोणाच्या बाळाला धनुर्वात होई. तापावर चांगली औषधे तरी कुठे होती? सल्फाच्या गोळ्या १९३० च्या दशकात आल्या आणि पेनिसिलिन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. रक्त द्यायची सोय तर मोठ्या शहरांतसुद्धा नवलाची. अशा काळात डॉक्टरच्या हाती उरत ते स्वच्छता, वेळेवर तपासणी आणि पोटभर अन्न. यांतले काहीच डॉक्टरला वॉर्डात बसून करता येण्यासारखे नव्हते. बाई वॉर्डात येई तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असे.

म्हणूनच झिराडबाईंनी वॉर्डाबाहेर पाऊल टाकले. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी मुंबई शहरातल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी हाती घेतली. त्या चौकशीचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. आम्हाला त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम हेच वाटते. पदव्या आणि पदे इतरांनाही मिळाली. पण ज्या मृत्यूला सगळा समाज नशीब म्हणत होता, त्याला कारण असते, ते कारण शोधता येते आणि म्हणून ते टाळता येते, हे कागदावर मांडणे ही निराळीच गोष्ट होती. मेलेल्या बाईचे नाव दप्तरात लिहून वही मिटायची, ही सरकारी रीत होती. झिराडबाईंनी ती मिटलेली वही पुन्हा उघडली. रक्तक्षय, प्रसूतीनंतरचा ताप, रक्तस्राव, झटके अशी कारणे एकेक करून पुढे आली की त्यांच्यावरचे उपायही एकेक करून सुचतात. नशिबावर मात्र उपाय नसतो.

डॉक्टरकीबरोबर त्यांचे दुसरेही एक काम चालू होते. लंडनमध्ये असताना त्यांनी उदारमतवादी ज्यूंची उपासना पाहिली होती. त्यात बायका वेगळ्या सज्ज्यात बसत नसत, पुरुषांबरोबर बसत, आणि प्रार्थना समजेल अशा भाषेत होई. १९२५ साली त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही संस्था सुरू केली. त्यांच्या भगिनी लेआ झिराड याही या कामात बरोबर होत्या. जुन्या वळणाच्या समाजात असे काही नवे काढणे सोपे नसते. प्रार्थना समाज निघाला तेव्हा मुंबईत काय झाले हे आपल्याला ठाऊक आहेच. झिराडबाईंनी समाज सोडला नाही, धर्मही सोडला नाही. घरात राहूनच त्यांनी खिडकी उघडली. एकीकडे स्त्री मंडळ, दुसरीकडे ही संस्था, आणि दोन्हींच्या मध्ये रोजचे रुग्णालय, अशी त्यांची कितीतरी वर्षे गेली.

त्यांनी लग्न केले नाही. आपल्याकडे अशा बाईविषयी लोक आधी हळहळतात आणि मग कुजबुजतात. पण घर म्हणजे काय याचा अर्थ त्यांच्या आयुष्याने जरा मोठा केला, असे आम्हाला वाटते. ज्या बाईच्या हातून मुंबईतल्या कितीतरी घरांत पाळणे हलले, जिच्या हाताखाली शिकून कितीतरी मुली डॉक्टर आणि परिचारिका झाल्या, आणि जिच्या शब्दाला समाजातल्या बायका थोरल्या जाऊबाईचा मान देत, तिला लेकुरवाळी म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? महालक्ष्मीच्या बाळांची तरी आपण गणती कुठे करतो?

मानसन्मान आले, पण उशिरा आणि हळूहळू. १९४५ साली सरकारने त्यांना एम. बी. ई. हा किताब दिला. १९४७ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या रॉयल कॉलेजाने त्यांना फेलो करून घेतले. त्याच वर्षी त्या कामातून निवृत्त झाल्या, म्हणजे फक्त पगारातून निवृत्त झाल्या. भारतातल्या स्त्री डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघाचे अध्यक्षपद त्यांनी १९४७ ते १९५७ अशी दहा वर्षे सांभाळले. १९५० साली देशभरातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या आद्य मंडळींत त्या होत्या. १९६६ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठलेली होती. नव्वदी ओलांडून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्या मुंबईला निवर्तल्या. तोवर त्यांच्या समाजातली बरीच कुटुंबे इस्राएलला निघून गेली होती. झिराडबाई मुंबईतच राहिल्या.

आता वाचक विचारतील, मुंबईच्या डॉक्टरबाईंचा आणि आमच्या लोधीखेड्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच हे चरित्र लिहायला घेतले.

१९४६ साली सरकारपुढे आलेल्या भोर समितीच्या अहवालाने असे म्हटले होते की या देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाशी निगडित कारणांनी मरतात. हिशेब मांडला तर एक लाख जन्मांमागे सुमारे दोन हजार माता. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार हाच आकडा देशासाठी ९७ वर आला. हा फरक नशिबाने पडलेला नाही. दवाखान्यात होणारी बाळंतपणे, लोहाच्या गोळ्या, रक्तपेढ्या, लसी, २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई, १०८ ची गाडी, अशा शेकडो हातांनी तो पाडला. त्या हातांमध्ये झिराडबाईंसारख्यांचे हात पहिले होते.

पण त्याच नोंदणीतले आणखी दोन आकडे आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. महाराष्ट्राचा आकडा ३३, आणि आमच्या मध्य प्रदेशाचा १७३. लोधीखेड्यातून निघालेली गाडी थोड्याच वेळात सावनेरला पोचते. मधली सरहद्द गाडीत बसलेल्याला कळतही नाही. इकडे संत्र्याच्या बागा, तिकडेही संत्र्याच्या बागा. इकडे पोळा, तिकडेही पोळा. भाषा एक, महालक्ष्म्या एक, सोयरिकी दोन्हीकडे. पूर्वी नॅरोगेजची छोटी गाडी याच वाटेने नागपूरला जाई आणि अडलेल्या बाईला कधी बंडीत, कधी त्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेत. राज्याचा आकडा म्हणजे आमच्या गावाचा आकडा नव्हे, हे आम्ही जाणतो. तो डिंडोरी-झाबुआपासून इंदूर-भोपाळपर्यंत सगळ्यांचा मिळून आहे. तरीही ज्या राज्यात आम्ही मतदान करतो त्या राज्याच्या माथ्यावर हा आकडा आहे, आणि माथ्यावरच्या आकड्याला नशीब म्हणून हात झटकता येत नाहीत. झिराडबाईंपासून आम्ही शिकलो ते एवढेच.

मंडळ म्हणून आमच्याने काय होईल? मोठा दवाखाना बांधणे आमच्या पावतीपुस्तकाच्या आवाक्यातले नाही. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी निघाल्या होत्या. त्यावर उपाय आपल्या गल्लीतच करता येतो. हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायकांमध्ये कोणाला दिवस गेले आहेत याची बातमी सगळ्यांत आधी लागते. त्याच वेळी तिची नोंदणी झाली का, रक्त तपासले का, गोळ्या ती घेते का कोनाड्यात ठेवते, असे चार प्रश्न विचारले तर कोणी वाईट मानणार नाही. ऐन वेळेला गाडी कोणाची, बरोबर कोण जाणार, रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवता येते. उत्सवात रक्तदान करणारी मुले आपल्याकडे आहेतच. तीच मुले वर्षभर कामी येऊ शकतात.

गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो. विघ्न हरायला तो कोणाच्या ना कोणाच्या रूपाने येतो, असे आमच्या आज्या म्हणत. अलिबागेजवळच्या एका गावाचे नाव लावणारी, शनिवार पाळणारी, मराठी बोलणारी एक बाई मुंबईच्या वॉर्डात रात्री-बेरात्री त्याच कामासाठी उभी राहिली. यंदा महालक्ष्म्यांपुढे नैवेद्याचे ताट ठेवताना, आणि देव्हाऱ्यातल्या जुन्या टाकाला हळदकुंकू लावताना, डॉ. जेरुशा झिराड यांचीही आठवण करावी, एवढीच वाचकांना आमची नम्र विनंती. तो टाक ज्यांचा, त्या बायकांची नावेही आज कोणाला ठाऊक नसतील. त्या कशाने गेल्या हे विचारणारी एक बाई मात्र होऊन गेली.

गणपती बाप्पा मोरया.